परवानगी नको, प्रशिक्षण नको, फक्त निघा? मला हे अजिबात मान्य नाही

सुकाणू

परवा या चर्चामंचावर एका सदस्याने लिहिलेलं वाचून डोकं तापलं. मजकूर थोडक्यात असा: "भूकंप असो की पूर, बातमी आली की गाडी काढा आणि निघा. संस्थांची नावनोंदणी, ओळखपत्रं, प्रशिक्षण हा सगळा वेळकाढूपणा आहे. मदतीला परवानगी लागत नाही." खाली शाबासकीचा पाऊस. म्हणून सविस्तर उत्तर देतो.

मी बरीच वर्षं एका स्वयंसेवी बचाव तुकडीत आहे. पगार नाही, मानधन नाही, रजा टाकून जातो. तेव्हा मला स्वयंसेवकांचं वावडं आहे असं कोणी म्हणू नये. वावडं आहे ते या सल्ल्याचं.

आपत्तीच्या जागी पोहोचलेला प्रत्येक माणूस पाणी पितो, शौचाला जातो, रात्री कुठेतरी आडवा होतो. मदतकार्यात जगभर वापरतात त्या स्फिअर निकषांत माणशी दिवसाला किमान १५ लिटर पाणी आणि २० माणसांमागे एक शौचालय धरलंय. पहिल्या आठवड्यात बहुतेक छावण्यांना तेवढंही जमत नाही. तिथे शंभर उत्साही लोक बाहेरून आले तर ते पाणी कोणाच्या वाट्याचं पितात? रस्ता एकच उरलेला असतो, त्यावर दुतर्फा गाड्या लागतात आणि रुग्णवाहिका मागे अडकते. २०१५ च्या नेपाळ भूकंपात काठमांडूच्या विमानतळाला एकच धावपट्टी होती. मदतीची विमानं घिरट्या घालत राहिली, काही परत फिरली, आणि धावपट्टी खराब व्हायला लागल्यावर जड विमानांना बंदी करावी लागली. त्या विमानांत मदतच होती.

१९८५ च्या मेक्सिको सिटीच्या भूकंपात साध्या नागरिकांनी ढिगाऱ्यात शिरून सुमारे ८०० जणांना बाहेर काढलं, आणि तसं करताना त्यांच्यातलेच शंभरेक जण दगावले, असं सांगितलं जातं. त्यांच्या धैर्याबद्दल मला शंका नाही. पण त्यांच्यातल्याच काहींनी पुढे 'लोस तोपोस' नावाचं पथक उभं केलं, ते रीतसर शिकले, आणि आता ते इतर देशांत बचावाला जातात. शिकले, हे विसरू नका.

डोळ्यांसमोरचं सांगतो. पूर आलेल्या एका वस्तीत आम्ही वृद्धाश्रमातली माणसं काढत होतो. तेवढ्यात बाहेरून आलेली पाच-सहा पोरं कुठूनशी मिळवलेल्या होडीतून आत घुसली. एकाच्याही अंगात लाइफ जॅकेट नव्हतं. छतावरून कोणीतरी दोर फेकला, तो धरायला तिघं एकाच बाजूला उभे राहिले आणि होडी कलंडली. आम्ही आमची बोट वळवली. पोरं वाचली. पण वृद्धाश्रमाची पुढची फेरी तासभर लांबली आणि त्या तासात पाणी दुसऱ्या मजल्याच्या पायरीला लागलं होतं. त्या पोरांनी रात्री "आम्ही पूरग्रस्तांसाठी धावलो" असं लिहिलेलं मी वाचलं.

आता उलट चित्र. १९७० च्या भोला चक्रीवादळात आताच्या बांगलादेशात किमान तीन लाख माणसं गेली. त्यानंतर तिथलं सरकार आणि रेड क्रेसेंट (रेड क्रॉसचीच तिथली संस्था) यांनी मिळून गावोगावच्या स्वयंसेवकांचं जाळं विणलं. आज तिथे असे ७० हजारांहून जास्त स्वयंसेवक आहेत आणि त्यांत निम्म्या बायका आहेत. इशारा आला की ध्वज चढतो, भोंगा घेऊन माणूस सायकलवर निघतो, कोणत्या घरात अंथरुणाला खिळलेली म्हातारी आहे हे त्याला ठाऊक असतं. १९९१ च्या वादळात १ लाख ३८ हजारांच्या आसपास बळी गेले होते. २००७ च्या सिद्र वादळात साडेतीन हजारांच्या आसपास. निवारे वाढले, अंदाज सुधारले, हे आहेच. पण निवाऱ्यापर्यंत माणूस नेणारा माणूस आधीपासून तयार होता. वादळ आल्यावर गाडी काढणारा नव्हता.

बांधावरून

उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. तुमचं सगळं बरोबर, फक्त बुडणाऱ्या माणसाला तुमचं ओळखपत्र दिसत नाही.

कोबेचा भूकंप, १७ जानेवारी १९९५. सुमारे ३५ हजार माणसं ढिगाऱ्याखाली अडकली होती, आणि त्यांतल्या जवळपास २७ हजारांना शेजाऱ्यांनी आणि घरच्यांनीच बाहेर काढलं, असा तिथल्या अभ्यासकांचा अंदाज आहे. अग्निशमन दल, पोलीस, लष्कर यांच्या वाट्याला उरलेले आले. पुढच्या वर्षभरात दहा लाखांहून जास्त स्वयंसेवक तिथे आले, त्यांतल्या बहुतेकांनी आयुष्यात असं काम केलेलं नव्हतं. जपानने त्यांना हाकललं नाही. तो दिवस स्वयंसेवकांचा दिवस म्हणून पाळायला सुरुवात केली आणि १९९८ मध्ये छोट्या संस्थांना सहज नोंदणी मिळावी म्हणून कायदा केला.

२०१८ चा केरळचा पूर घ्या. मच्छीमारांनी आपल्या होड्या ट्रकवर चढवल्या आणि किनारा सोडून आत गेले. हजारो लोकांना काढलं. त्यांच्याकडे कुठलं प्रमाणपत्र होतं?

आणि माझं सांगतो. माझ्या वडिलांना पुराच्या पाण्यातून ज्यांनी काढलं ती शेजारच्या गल्लीतली मुलं होती. ट्रकच्या टायरची ट्यूब, विहिरीचा दोर, बस. वडील अर्धांगवायूने आडवे. मुलांनी खोलीचं दार बिजागरीतून उखडलं, त्याच्यावर त्यांना झोपवलं, चार ट्यूबांवर दार ठेवलं आणि ढकलत नेलं. प्रशिक्षित तुकडीची बोट दुसऱ्या दिवशी दुपारी आली. आल्यावर त्यांनी आम्हाला एक अर्ज भरायला दिला. हे माझ्या डोळ्यांसमोर झालंय, तेव्हा मला लाइफ जॅकेटवर व्याख्यान देऊ नका.

सुकाणू

तुमच्या वडिलांना काढणारी मुलं शेजारच्या गल्लीतली होती. तीच माझी माणसं आहेत. त्यांना पाण्याचा उतार माहीत होता, कोणत्या घरात कोण झोपून असतं हे माहीत होतं. परवाचा सल्ला त्यांना उद्देशून नव्हता. तो तीनशे किलोमीटरवर बसून टीव्ही बघणाऱ्याला होता.

आणि केरळचे मच्छीमार अप्रशिक्षित? आयुष्य होडीत गेलेली माणसं ती. बारावी झालेल्या पोराला भाड्याच्या होडीत बसवणं आणि हे एकच आहे का?

बांधावरून

मग २०२३ चा वायव्य सीरियाचा भूकंप घ्या. बाहेरून पहिला मदतीचा ताफा सीमा ओलांडून आला तो चौथ्या दिवशी. तोवर तिथल्या व्हाइट हेल्मेट्स या बचाव पथकाचे स्वयंसेवक आणि हाताने विटा उपसणारे लोक, एवढंच होतं. सगळे परवानगीची वाट बघत बसले असते तर?

सुकाणू

व्हाइट हेल्मेट्स तर बॉम्बहल्ल्यांत वर्षानुवर्षं ढिगारे उपसून तयार झालेले लोक. तुम्ही दर वेळी माझंच उदाहरण आणून मलाच मारताय.

कप्पेबंद

बोटी, ढिगारे राहू द्या. ज्याच्यावर कोणी बोलत नाही ते मी बोलते. कपडे.

मदत केंद्राच्या गोदामात मी काम केलंय. गठ्ठा उघडला की पहिल्यांदा वास येतो, कारण तो पावसात भिजून दोन दिवस ट्रकमध्ये दाबलेला असतो. मग निघतं काय? एकच बूट. शाळेचा बिल्ला शिवलेला गणवेश. इलास्टिक गेलेली अंतर्वस्त्रं, हो, वापरलेली. लग्नातला जरीचा कोट. साखळी तुटलेली पर्स आणि तिच्यात कोणाची तरी जुनी औषधाची चिठ्ठी. आम्ही दहाजणी दिवसभर हे निवडत बसायचो आणि दहा गठ्ठ्यांतून एक गठ्ठा वापरता येण्यासारखा निघायचा. तेवढ्यात ताडपत्र्या आणि बादल्यांचा ट्रक यायचा. गोदामात जागा नाही म्हणून तो माल बाहेर पावसात उतरवायचा. ज्याची गरज होती तो बाहेर भिजतोय आणि जरीचा कोट आत कोरडा.

२००४ च्या त्सुनामीनंतर नागपट्टिनमच्या रस्त्यांच्या कडेला जुन्या कपड्यांचे ढीग पडले होते. घर गेलेल्या माणसांनीही ते उचलले नाहीत. त्यांना गरज नव्हती असं नाही. त्यांना मान होता. लोक अडगळ काढतात आणि तिला मदत म्हणतात, मला याचा खरोखर संताप येतो.

ओसरी

हे वाचून फार वाईट वाटलं. माझ्या आईने स्वतःचे चांगले कपडे धुऊन, इस्त्री करून, घड्या घालून दिले होते. पेन्शनवर जगणारी बाई. तिने काय द्यायला हवं होतं? पैसे? तिच्याकडे नव्हते. होते ते कपडे होते. देणाऱ्याला चोर ठरवायचं असेल तर खुशाल ठरवा, पण मग पुढच्या वेळी "समाज मदतीला येत नाही" म्हणून रडू नका.

आणि पैसे द्या म्हणता, कोणाला द्यायचे? मी एकदा एका संस्थेला दिले. पावती मागितली तर "पोस्टाने येईल" म्हणाले. आजतागायत आली नाही. कपडा निदान कोणाच्या तरी अंगावर जातो.

कप्पेबंद

नाही जात. हेच तर सांगतेय. तुमच्या आईचा इस्त्री केलेला कपडा त्याच ढिगात, त्या ओल्या बुटाखाली दबतो. तो शोधून काढायला जी माणसं लागतात ती त्या वेळी पाणी वाटायला हवी असतात. तुमच्या आईबद्दल माझी तक्रार नाही. पण "जे असेल ते द्या" असं आवाहन करणारे जे कोणी आहेत, त्यांना मी माफ करणार नाही.

ओसरी

म्हणजे गरिबाने मदत करायचीच नाही? पैसेवाल्यांनीच पुण्य कमवायचं? सरळ तसं म्हणा ना.

कप्पेबंद

शब्द माझ्या तोंडात घालू नका! वस्तू द्या, पण यादी बघून द्या. २०१२ च्या सँडी वादळानंतर न्यूयॉर्कमध्ये 'ऑक्युपाय सँडी' या स्वयंसेवकांच्या गटाने अॅमेझॉनवर लग्नाच्या आहेराची यादी असते तीच सोय वापरली. ब्लँकेट, टॉर्च, पाणी उपसायचे पंप, सफाईचं सामान. ज्याला जे परवडेल ते त्याने त्यातलं घ्यायचं, ते थेट केंद्रावर पोहोचायचं, घेतलं की यादीतून कमी व्हायचं. दोन बॅटऱ्या घेणाराही त्यात होता. तुमच्या आईला त्या यादीतलं काहीतरी नक्की जमलं असतं.

बाकी साधी गोष्ट आहे. बाजार चालू असेल तर रोख द्या, माणूस आपल्याला हवं ते घेतो आणि तिथला दुकानदारही उभा राहतो. बाजारच वाहून गेला असेल तर वस्तू, पण त्या मागितलेल्या. सॅनिटरी पॅड आणि नवी अंतर्वस्त्रं मागितली की लोक लाजतात आणि पुन्हा जुने शर्ट पाठवतात. छावणीतल्या बायकांनी माझ्याकडे कानात येऊन मागितलेली पहिली वस्तू कायम हीच होती.

ओसरी

पॅडचं लक्षात आलं नव्हतं, ते मान्य. बाकी तुमची भाषा मला पटलेली नाही.

कंदील

कपड्यांवरून एवढं रणकंदन, आणि औषधांचं कोणी बोलत नाही? मी डॉक्टर आहे. १९८८ च्या आर्मेनिया भूकंपात ५,००० टन औषधं आणि साहित्य आलं. ते नेमकं काय आहे हे कळायलाच ५० माणसांना सहा महिने लागले. २००४ च्या त्सुनामीनंतर इंडोनेशियातल्या आचेमध्ये सुमारे ४,००० टन औषधं आली, बहुतेकांवरची लेबलं तिथल्या लोकांना न कळणाऱ्या भाषेत होती. शेवटी शेकडो टन नष्ट करायला वेगळा खर्च. घरात उरलेल्या गोळ्यांचा डबा पाठवू नका, हात जोडून सांगतो.

दुसरं, मृतदेहांमुळे साथ पसरते ही समजूत. भूकंपात, पुरात दगावलेली माणसं बहुतांशी इजेने किंवा बुडून गेलेली असतात, साथीच्या रोगाने नाही. साथीचा धोका जिवंत माणसांच्या छावणीत असतो, घाण पाण्यामुळे असतो. तरी उत्साही लोक येतात आणि घाईघाईने सामूहिक दफन, दहन उरकतात. ना फोटो, ना अंगावरच्या वस्तूंची नोंद. मग घरचे लोक वर्षानुवर्षं शोधत राहतात, मृत्यूचा दाखला मिळत नाही, वारसाचे कागद अडतात. एका बाईला मी नवऱ्याचा मनगटी दोरा आठवून आठवून सांगताना ऐकलंय. तो दोरा कोणी नोंदवलेला नव्हता. नोंद करायला फक्त वही लागते.

दिंडीदरवाजा

आणि फोटो? मी लहानपणी मदत छावणीत राहिलोय, म्हणून बोलतो. रांगेत उभं करून माझ्या हातात पाकीट दिलं. फोटो नीट आला नाही म्हणून ते परत घेतलं, फलक सरळ केला, आणि पुन्हा दिलं. मागे माझी आई उभी होती. ती नंतर कधीच त्या रांगेत आली नाही, मलाच पाठवायची.

रेड क्रॉस आणि इतर मोठ्या संस्थांनी मिळून १९९४ मध्ये जी आचारसंहिता केली, तिच्या दहाव्या कलमात लिहिलंय की प्रसिद्धी करताना आपद्ग्रस्तांना सन्मान असलेली माणसं म्हणून दाखवायचं, हताश वस्तू म्हणून नाही. एवढी वर्षं झाली या नियमाला. प्रशिक्षण, प्रशिक्षण म्हणताय, तर पहिला धडा हा ठेवा. होडी नंतर शिकवा.

बांधावरून

हेच मी म्हणतोय! फोटो काढणारे ते ओळखपत्रवालेच असतात. जॅकेटवर संस्थेचं नाव, हातात फॉर्म, सर्वेक्षण करतात आणि जातात. आमच्या वस्तीत एकाच घराचं चार संस्थांनी सर्वेक्षण केलं. चारही वेळा "घरात किती माणसं, किती नुकसान". चारही वेळा त्या बाईने सगळं पुन्हा सांगितलं, रडली. आलं काय? एका संस्थेची बादली. दुसऱ्या गल्लीत चार बादल्या. तुमचं संस्थांचं कौतुक पुरे.

सुकाणू

सर्वेक्षणाचं म्हणाल तर सपशेल मान्य, हा आमच्या क्षेत्राचा जुना रोग आहे. संस्था एकमेकींची यादी वापरत नाहीत, कारण अहवालात "आम्ही केलं" असं लिहायचं असतं. रोज संध्याकाळी सगळ्यांनी एका टेबलाशी बसून कोणती गल्ली कोणाची हे ठरवलं तर निम्मा घोळ मिटतो. ती बैठक टाळणाऱ्या संस्था मी पाहिल्यात आणि त्यांच्यावर माझा तुमच्याइतकाच राग आहे.

पण यातून "म्हणून कोणीही यावं" हे निघत नाही. २०१० च्या हैती भूकंपानंतर एका अमेरिकी धार्मिक गटाच्या दहा स्वयंसेवकांनी ३३ मुलं 'अनाथ' म्हणून सीमेपार न्यायचा प्रयत्न केला आणि ते पकडले गेले. बहुतेक मुलांचे आईबाप जिवंत होते. त्या दहाजणांना बहुधा आपण पुण्याचं काम करतोय असंच वाटत होतं. गोंधळात सापडलेल्या मुलाची आधी नोंद करायची, नातेवाईक शोधायचे, त्याला त्याच्या मुलखातून हलवायचं नाही, हे कोणीतरी त्यांना आधी शिकवायला हवं होतं.

चौथाप्रहर

मला मूळ प्रश्नच चुकीचा वाटतो. हे सगळं स्वयंसेवकांवर का सोडायचं? कर भरतो ना आपण? स्वयंसेवक जितके धावतात तितकं सरकारला हात झटकायला सोपं जातं. दर आपत्तीनंतर "जनतेने दाखवलेलं औदार्य" यावर भाषणं होतात आणि धोकादायक उतारावरची वस्ती तिथेच राहते.

बांधावरून

हे भाषण तुम्ही छपरावर अडकून दाखवा. कोण आलं तर चालेल ते तेव्हा कळेल.

चौथाप्रहर

मी छपरावर अडकलेल्या माणसाबद्दल बोलतच नव्हतो. तो छपरावर का अडकला याबद्दल बोलत होतो. असो.

उंबरठा

सगळे पहिल्या तीन दिवसांवर भांडताय. आपत्ती तीन दिवसांची नसते. सहाव्या महिन्यात कोण असतं तिथे?

१९९३ च्या किल्लारीच्या भूकंपाचं एक अंग सांगते, जे फारसं लिहिलं गेलं नाही. घरदुरुस्तीच्या कार्यक्रमात गावातल्याच बायका 'संवाद सहायक' म्हणून नेमल्या होत्या. भूकंपाला तोंड देणारं बांधकाम कसं करायचं, दगडी भिंत कुठे बांधून घ्यायची, अनुदानाचा हप्ता कोणत्या टप्प्याला मिळतो, हे त्या घरोघर जाऊन समजावायच्या, गवंड्याशी हुज्जत घालायच्या. २००१ मध्ये गुजरातला भूकंप झाला तेव्हा लातूर-उस्मानाबादच्या बायका तिथे गेल्या. त्या तिथल्या बायकांशी बोलल्या ते "आमचंही घर पडलं होतं" इथून. असं बोलायचा हक्क कुठल्या शिबिरात मिळत नाही, आणि त्यांचं बांधकामाचं ज्ञान नुसत्या उत्साहातून आलेलं नव्हतं. दोन्ही बाजूंनी हे जरा बघा.

बांधावरून

हे पटलं. या बायका तिथल्याच मातीतल्या होत्या, वरून आलेल्या नव्हत्या.

बरं सुकाणू, तुमच्या तुकडीला शिकवायचंच असेल तर आमच्या वस्तीत येऊन शिकवा. ज्या मुलांनी माझ्या वडिलांना काढलं ती शहरातल्या तुमच्या केंद्रावर पाच दिवसांच्या शिबिराला येणार नाहीत, त्यांची मजुरी बुडते. आणि शेवटी प्रमाणपत्राची अट घालणार असाल तर राहू द्या.

सुकाणू

प्रमाणपत्राची अट नाही. रविवारचे दोन तास पुरतील. बुडणाऱ्याला आधी काठी, मग दोर, मग होडी, आणि अगदी शेवटी स्वतः पाण्यात, हा क्रम. काठी पुढे करताना काठावर आडवं पडायचं, उभं राहायचं नाही. पाठीला मार लागलेल्याला फळीवर कसं सरकवायचं, तुमच्या मुलांनी दारावर केलं तेच, फक्त मानेला आधार देऊन. आणि गल्लीतल्या अंथरुणावरच्या, चालता न येणाऱ्या माणसांची यादी, पावसाळ्यापूर्वी. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

परवाच्या त्या सल्ल्याबद्दलचं माझं मत मात्र आहे तेच आहे.

बांधावरून

माझंही. टीव्ही बघून तीनशे किलोमीटर येणाऱ्यांतला एकजण आमच्याकडे महिनाभर गाळ उपसत होता, त्याला कोणी बोलावलं नव्हतं. व्यनि करा. यादी मी मुलांकडून करून घेतो.

ओसरी

कप्पेबंद, कपड्यांबद्दल मी अजून सहमत नाही. थंडीत भूकंप झाला तर स्वच्छ, वापरलेलं लोकरीचं पांघरूणही नको म्हणणार का?

कप्पेबंद

केंद्राने मागितलं असेल तर हवंय. मग त्या गठ्ठ्यात फक्त पांघरुणं बांधा, बाहेर "पांघरुणं" असं ठळक लिहा आणि किती आहेत ते लिहा. एवढं केलंत तर मी स्वतः उतरवून घेईन.